मोहल्ल्यातल्या ‘भोळ्या’ मुलाला दुकानात जागा द्या

आपल्या जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात असा एक मुलगा असतो. वय अठरा-वीस, पण बोलणे सात-आठ वर्षांच्या पोराचे. अजान झाली की सर्वांच्या आधी मशिदीच्या दारात हजर. लग्नाच्या मांडवात बोलावलेले नसले तरी पोहोचलेला. दुपारभर चहाच्या टपरीसमोर उभा. कोणी त्याला भोळा म्हणतो, कोणी खुळा, कोणी सरळ येडा म्हणून हाक मारतो. डॉक्टर पूर्वी त्याला मतिमंद म्हणत, आता कायद्याच्या भाषेत तो बौद्धिक दिव्यांग आहे. हिंगोलीत जा, वसमतला जा, कळमनुरीला जा, हा मुलगा भेटतोच. त्याचा विषय व्यापाराच्या पानावर काढण्याचे कारण एवढेच की, त्याच्या प्रश्नाचे उत्तर दवाखान्यात थोडे आणि आपल्या दुकानात जास्त आहे, असे आमचे मत आहे.

या मुलाशी वागण्याच्या आपल्या दोन तऱ्हा आहेत. पहिली टवाळीची. रिकामी पोरे त्याला चिडवतात, नाचायला लावतात आणि मोठी माणसे ओट्यावर बसून हसतात. दुसरी तऱ्हा आदराची, आणि ती जास्त फसवी आहे. त्याला ‘अल्लाहवाला’ ठरवायचे, सकाळी दुकान उघडताना त्याच्या हातावर पाच रुपये ठेवायचे, जुमेरातला त्याच्याकडून दुआ घ्यायची. पैसे देणाऱ्याला सवाब मिळाल्याचे समाधान, पण त्या मुलाचा दिवस होता तिथेच. टवाळी करणारा आणि पाया पडणारा, दोघांच्याही मनात एकदाही येत नाही की हा कामाचा माणूस असू शकेल.

घरात त्याची आई मात्र रात्री एकच गोष्ट विचारते : माझ्यामागे याचे काय? भाऊ आज चांगले आहेत, उद्या त्यांच्या बायका-मुले येतील. आईबापानंतर अशा मुलाला भाऊ जेवण घालतात, नाही असे नाही. परंतु जेवण वेगळे आणि घरात मान वेगळा. ज्याच्या हातात महिन्याची मजुरी आहे, ज्याची दुकानात सकाळी दहा वाजता वाट पाहिली जाते, त्याला घरात कोणी ओझे म्हणत नाही.

या बाबतीत आपल्याकडे एक दाखला असा आहे की, तो प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत असायला हवा. मदिनेत हब्बान बिन मुन्किज (रजि.) नावाचे सहाबी होते. काही रिवायतींत हाच प्रसंग त्यांच्या वडिलांच्या नावाने येतो. डोक्याला मोठी जखम झाल्याने त्यांची बुद्धी आणि जीभ दोन्ही कमजोर झाली होती, पण व्यापाराची आवड सुटत नव्हती. सौद्यात ते वारंवार फसत. शेवटी घरच्यांनी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन विनंती केली की, यांना खरेदी-विक्रीस मनाई करावी. आपल्या आजच्या घरात यापेक्षा वेगळे काय घडते? प्रेषितांनी (स.) त्यांना बोलावून व्यापार सोडण्यास सांगितले. त्यांनी उत्तर दिले की, व्यापारावाचून मला राहवत नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना बाजारातून बाहेर काढले नाही. सौदा करताना फसवणूक चालणार नाही एवढे आधी बोलून टाकत जा, असे शिकवले आणि घेतलेला माल तीन दिवसांत परत करण्याचा हक्क दिला. पुढे फिकहमध्ये सौदा परत फिरवण्याच्या अटीची, म्हणजे खियारची, जी चर्चा झाली, तिच्यात या हदीसचा आधार घेतला जातो. इमाम अबू हनीफा यांनी ही मुदत तीन दिवसांपर्यंत ठेवली, तीही यावरूनच.

रिवायतींत आणखी एक गोष्ट येते. हब्बान (रजि.) म्हातारे झाले, बाजारात माल परत करायला गेले की विक्रेता हुज्जत घाली. मग रस्त्याने जाणारा एखादा सहाबी थांबून साक्ष देई की, होय, यांना तीन दिवसांचा हक्क खुद्द प्रेषितांनी (स.) दिलेला आहे. अशा माणसाला सांभाळायला कोणी पहारेकरी नेमला नव्हता. सारा बाजार त्याला ओळखत होता, हाच त्याचा बंदोबस्त. हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अंध होते, ते मस्जिद-ए-नबवीत फजरची अजान देत, हे तर मदरशातील मूलही सांगेल. अजान हे मोहल्ल्याचे काम आहे, ठरल्या वेळेचे काम आहे आणि ते अंध माणसाकडे होते. आपण हे प्रसंग वाजमध्ये ऐकतो, ‘सुब्हानल्लाह’ म्हणतो आणि घरी जातो.

आता हिंगोलीकडे येऊ. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. मोठे कारखाने येथे नाहीत. हळद, कापूस, सोयाबीन यांचा बाजार आणि त्याभोवती लहान दुकाने, बेकऱ्या, शिलाईची दुकाने, भंगाराची गोदामे, गॅरेज. अशा मुलांसाठी शहरांमध्ये काही चांगली कामे उभी राहिली आहेत. मुंबईत 1944 मध्ये एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेली जय वकील शाळा आहे. पुण्यात 1964 पासून कामायनी आहे. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी 1977 मध्ये प्रबोधिनी उभी केली, त्याही अशाच एका मुलाच्या आई होत्या. तिघांतही सुरुवात सरकारने केली नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अलीकडे याच विचाराने उपाहारगृहे निघाली. मुंबईत जुहूला 2018 मध्ये कॅफे अर्पण सुरू झाले. तिथे स्वमग्न व बौद्धिक दिव्यांग तरुण-तरुणी स्वयंपाकाला हात लावतात, ग्राहकांना वाढतात. अलीना आलम या तरुणीने 2017 मध्ये कर्नाटकातील हुबळीत मिट्टी कॅफे काढले. त्याची एक शाखा 10 नोव्हेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात सुरू झाली आणि उद्घाटन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी केले. आपल्या समाजातल्या मुलीने केलेले हे काम आपल्या किती दुकानदारांना माहीत आहे?

तथापि हिंगोलीत उद्या असे कॅफे निघेल, त्याला देणगीदार मिळतील, मग आपला मुलगा तिथे जाईल, अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. आणि खरे सांगायचे तर त्याची गरजही नाही. शहरात अशा मुलाला घरून कामावर नेणे-आणणे हेच अर्धे काम होऊन बसते. रस्ता अनोळखी, माणसे अनोळखी. आपल्याकडे दुकान चार घरांपलीकडे आहे. मुलगा रस्ता चुकला तर पानवाला त्याला हात धरून आणून सोडतो. जे शहरातील संस्थांना पैसे खर्च करून उभे करावे लागते, ते मोहल्ल्यात फुकट पडलेले आहे. कमी आहे ती फक्त दुकानदाराच्या मनाची तयारी.

‘पण तो करणार काय?’ हा पहिला प्रश्न येतो. दुकानातील कामाकडे आपण एकसंध पाहतो म्हणून तो पडतो. काम सुटे करून पाहावे. बेकरीत भट्टी आहे, मळणी आहे, हिशेब आहे. पण टोस्ट मोजून पिशवीत भरणे हेही आहे. ज्याला दहापर्यंत मोजता येत नाही त्याच्यासाठी एका पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखा. प्रत्येक चौकोनावर एक टोस्ट ठेवायचा, पुठ्ठा भरला की ते दहा पिशवीत टाकायचे. मोजणी पुठ्ठ्याने केली. किराणा दुकानात पाव किलोच्या पुड्या बांधायच्या असतील तर काट्यावर त्या जागी लाल पट्टी चिकटवा, काटा पट्टीवर आला की थांबायचे. हळदीच्या मोसमात हळकुंडे आणि गड्डे वेगळे करणे हे हाताच्या सवयीचे काम आहे. तयार कपड्यांच्या कामात लोंबते दोरे कापणे, बटणे रंगाप्रमाणे डब्यांत लावणे, शर्टाची घडी पुठ्ठ्यावर घालणे. गॅरेजमध्ये फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवून ठेवली तर संध्याकाळी सगळी हत्यारे जागच्या जागी लावून देणारा माणूस मिळतो, आणि ते काम एरवी कोणताच शागीर्द मन लावून करत नाही. भंगारच्या गोदामात तांबे, पितळ, ॲल्युमिनियम वेगळे करता येते. मात्र जुन्या बॅटऱ्या, फुटकी काच आणि कापायचे यंत्र यांपासून त्याला लांब ठेवले पाहिजे. कापूस पिंजण्याच्या खोलीत तर कोणालाच बसवू नये, तो विषय वेगळा आहे.

शिकवण्याची रीत आपल्या कारागिरांना नवीन नाही. उस्तादाने शागिर्दाला शिकवले तशीच ती आहे, फक्त धीर जास्त लागतो. आधी समोर करून दाखवा. मग त्याचा हात धरून करा. मग जवळ उभे राहा. मग सरका. एका वेळी एकच पायरी, आणि शिकवणारा माणूस एकच. आज मालकाने एक सांगितले, उद्या त्याच्या भावाने दुसरे, असे झाले की मुलगा गोंधळतो आणि आपण म्हणतो याला जमत नाही. ओरडून सांगितल्याने तर होते ते कामही बिघडते. काही मुले, विशेषतः स्वमग्न मुले, जागा किंवा वेळ बदलली की अस्वस्थ होतात, मोठा आवाज त्यांना सोसत नाही. त्यांना गल्ल्याजवळच्या गर्दीत बसवण्यापेक्षा आतल्या खोलीत रोज त्याच स्टुलावर बसवावे. हीच मुले एकदा क्रम पक्का झाला की त्यात कसूर करत नाहीत. बरण्या उतरत्या क्रमाने लावायच्या असतील तर एक बरणी इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नाही. या स्वभावाला घरात आपण हट्ट म्हणतो, दुकानात त्याचा उपयोग आहे.

एक खबरदारी मात्र कधीही विसरू नये. अशा मुलांपैकी काहींना फिट येण्याचा आजार असतो. कामावर घेण्यापूर्वी आईवडिलांना स्पष्ट विचारा. पुष्कळ घरांत ही गोष्ट लपवली जाते, विशेषतः बहिणीचे लग्न व्हायचे असेल तर. ज्याला फिट येते त्याला भट्टी, उकळते तेल, यंत्र आणि शिडी यांच्याजवळ काम देऊ नये, आणि डॉक्टरांची गोळी त्याने वेळेवर घेतली की नाही हे रोज विचारावे. दुकानात फिट आलीच तर त्याला एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, तोंडात काहीही घालू नये. कांदा, चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट दवाखान्यात न्यावे.

आता मजुरी. घाम वाळण्याच्या आत मजुरी द्यावी ही हदीस आपल्या कारखान्यांत सर्वांना पाठ असते, पण अशा मुलाची पाळी आली की ती आठवत नाही. ‘त्याला पैशाचे काय कळते, दोन वेळा चहा देतो, ईदला कपडे करतो’ असे सांगितले जाते. हे चूक आहे. त्याला हिशेब कळत नसेल, पण शेजारच्या पोराला शनिवारी पैसे मिळाले आणि मला नाही, एवढे नक्की कळते. आमच्या मते सरळ मार्ग असा : नगावर काम असेल तर इतरांना डझनामागे जो दर आहे तोच त्याला. त्याचा हात सावकाश चालतो म्हणून त्याचे पैसे कमी भरतील, ते ठीक. दर कमी लावणे ठीक नाही. रोजावर ठेवले असेल तर किमान वेतनाचा नियम त्यालाही आहे, काम अर्ध्या दिवसाचे असेल तर अर्ध्या दिवसाचा हिशेब करावा. आणि पैसे त्याच्याच हातात द्यावेत. तो घरी जाऊन ते आईला देईल, बहुधा तसेच होते. पण देणारा हात त्याचा असावा.

येथे जकातीचा एक मुद्दा बोलून टाकणे जरूर आहे. काही बांधव अशा मुलाला दिलेली रोजची रक्कम रमजानमध्ये जकातीच्या हिशेबात धरतात. कामाच्या मोबदल्यात दिलेला पैसा जकात होत नाही. तो मुलगा जकातीस पात्र असेल तर जकात वेगळी द्यावी, मजुरी वेगळी. शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावे, परंतु वहीत दोन्ही रकाने एक करू नयेत.

ग्राहक हसतील ही भीती बऱ्याच दुकानदारांना वाटते. काही दिवस हसतातही. मालकाने पहिल्या दिवशी एकदाच कडक शब्दांत सांगितले की हा आमचा माणूस आहे, तर आठवड्यात हसणे बंद होते. मालक स्वतःच ग्राहकांना हसवण्यासाठी त्याची नक्कल करू लागला तर मग काही इलाज नाही. कायद्याचीही माहिती असू द्यावी. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 92 नुसार चारचौघांत दिव्यांग माणसाला मुद्दाम अपमानित करणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चौकात त्याला नाचवणाऱ्या पोरांच्या बापांनी हे वाचावे. याच कायद्यात खासगी मालकांनी पाच टक्के दिव्यांग नेमावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावे असे म्हटले आहे. दोन नोकरांच्या दुकानात पाच टक्के म्हणजे माणसाचे एक बोटही होत नाही, तेव्हा त्या प्रोत्साहनाची वाट आपण न पाहिलेली बरी. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांत या मुलांचाही समावेश आता झाला आहे, पण परीक्षा देऊन तिथे पोहोचणारे विरळाच.

वयाबद्दल सावध राहावे. चौदा वर्षांखालील मुलाला दुसऱ्याच्या दुकानात कामाला ठेवणे गुन्हा आहे, मग तो दिव्यांग असो वा नसो. चाळीस टक्के व त्यावरील दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे. म्हणून ‘शाळेत त्याला काय कळणार’ म्हणून दहाव्या वर्षी पोराला हॉटेलात कपबशा विसळायला लावणे म्हणजे त्याला काम देणे नव्हे. शाळा सुटल्यावर बापाच्या स्वतःच्या दुकानात थोडा वेळ बसणे, वस्तू ओळखणे, सलाम करणे, पैसे देणे-घेणे पाहणे, एवढी तयारी लहानपणी व्हावी. मजुरीचे काम अठरानंतर.

अठरानंतर कागदही करून ठेवावे लागतात. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड काढावे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. अठरा वर्षांनंतर अशा मुलाचा कायदेशीर पालक नेमण्याचे काम त्याखाली जिल्हाधिकारी प्रमुख असलेली समिती करते. हा कागद नसेल तर त्याचे बँकेचे व्यवहार अडतात आणि बापाच्या मृत्यूनंतर त्याच्या वाट्याच्या कागदांवर अंगठा कोण उठवतो, हे कोणी पाहत नाही. शरीअतीत बुद्धी कमी म्हणून कोणाचा वारसा जात नाही. दुकानाच्या भाडेपट्ट्यावरून मात्र त्याचे नाव सहज जाते.

मुलींचे काय, हे विचारल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मुलगा निदान टपरीसमोर तरी उभा असतो. अशी मुलगी मोहल्ल्यात कोणाला दिसतच नाही. ती आतल्या खोलीत असते आणि पाहुणे आले की तिला आणखी आत पाठवतात. तिला दुकानात बसवा असे आम्ही म्हणत नाही, तिच्या आईची काळजी खोटी नाही. पण मोहल्ल्यात बायका चार-चार मिळून शेवया, पापड करतात, साडीला फॉल लावतात, दुपट्ट्याला गोंडे करतात. त्या बैठकीत तिला नेता येते. सोबत ओळखीच्या बायका, वेळ दुपारची, आणि आठवड्याला तिच्या नावाचे पैसे. ज्या व्यापाऱ्यांकडून हे काम घरोघर जाते त्यांनी माल देताना एवढेच विचारावे की, तुमच्या घरातली ती मुलगी यात बसते का? हा प्रश्न त्या घरात बहुधा पहिल्यांदाच विचारला जाईल.

सर्वांनाच काम जमेल असे म्हणणे खोटे ठरेल. ज्याचे अपंगत्व तीव्र आहे, ज्याला उठवून बसवावे लागते, त्याच्यासाठी दुकान हा इलाज नाही. कामावर घेतलेल्यांपैकीही एखादा महिनाभरात घरी बसेल. व्यापाऱ्याचे थोडे नुकसान होईल, पुड्या फाटतील, माल सांडेल. नवा शागीर्दही तेवढे सांडतोच, आणि हात बसला की पुण्या-हैदराबादकडे निघून जातो. हा मुलगा तरी मोहल्ला सोडून जात नाही.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी एकदम दिवसभर बसवू नये. पहिला महिना रोज दोन तास पुरे, अस्रच्या नमाजपूर्वीचे, जेव्हा दुकानात गर्दी नसते. आधी त्याच्या आईला घरी जाऊन भेटावे आणि विचारावे की, तो घरात न सांगता कोणते काम करतो. कोणी चपला ओळीत लावत असतो, कोणी लसूण सोलत असतो, कोणी कोंबड्यांना वेळेवर दाणा टाकतो. जे उत्तर मिळेल, तिथूनच त्याचे काम ठरवावे.